धूळ धरणाऱ्या पिशव्या

जळगाव जामोद सोडून संग्रामपूरच्या रस्त्याला लागलं, की दोनेक किलोमीटरवर डाव्या हाताला उत्तमराव उमाळे यांची डाळ मिल लागते. मिलच्या तारेच्या कुंपणाला लागूनच कडूबा ढगे यांचं दीड एकर रान आहे. विहिरीला पाणी बरं, त्यामुळे तिथे बारा महिने काही ना काही हिरवं असतंच. वांगी, मेथी, कोथिंबीर, उन्हाळ्यात गवार. रानातच तीन खोल्यांचं घर, घराला पडवी, आणि पडवीत कडूबांच्या बायकोची, शालूबाईंची, शिलाई मशीन.

ही मशीन ब्लाउज-परकर शिवायची नाही. शालूबाईंचं माहेर बुलडाण्याजवळचं देऊळघाट. वडील ताडपत्र्या शिवायचे, बैलांच्या झुली शिवायचे, मंडपाची कापडं सांधायचे. त्यांना दोन मुलगे, पण दोघांनाही त्या कामात रस नव्हता. लहानपणापासून मशीनजवळ बसायची ती शालू. वडील गेले तेव्हा भावांनी विचारलं, तुला काय हवं? तिने मशीन मागितली. बीड धातूची, दोन माणसांना उचलावी लागणारी ती मशीन टेम्पोत घालून जळगाव जामोदला आली, आणि तेव्हापासून जाड कापडाचं काम असलं की आसपासच्या चार-पाच गावांतली माणसं शालूबाईंकडे येऊ लागली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची ताडपत्री, थ्रेशरचा पट्टा, पाण्याच्या टाकीचं कव्हर. हात मोकळा असला की त्या मशीनवर, नाहीतर वांग्यांच्या वाफ्यात.

मिल आधी लहान होती. चार वर्षांपूर्वी उत्तमरावांनी नवे रोलर बसवले, माल दुप्पट काढायला सुरुवात केली आणि धूळही दुप्पट झाली. तुरीचा हंगाम सुरू झाला की तपकिरी, हलकी धूळ उडायची आणि वारा मिलकडून शेताकडे असला की सगळी कडूबांच्या रानात उतरायची. वांग्याच्या पानावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. मेथीचं तर फारच वाईट. धुतली नाही तर गिऱ्हाईक जुडी हातात घेऊन अंगठा चोळायचं आणि परत ठेवायचं. धुतली तर संध्याकाळपर्यंत पानं काळी पडायची. मिलमध्ये डाळ निवडायला जाणाऱ्या बायकांचे हाल वेगळेच. त्यातली संजीवनी ही शालूबाईंची शेजारीण. ती नाकातोंडाला दुहेरी फडकं बांधून कामाला जायची आणि तरी घरी आल्यावर तासभर खोकत बसायची.

कडूबा दोनदा उत्तमरावांशी बोलून आले. उत्तमरावांनी चहा पाजला, बघतो म्हणाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हेत. स्वतः शेतकरी घरातले, चार एकर विकून त्यांनी मिल उभी केली होती, आणि पंचवीस घरांची चूल त्या मिलवर पेटत होती. पण बघतो म्हणण्यापलीकडे काही होईना. शेवटी कडूबांनी अकरा शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात अर्ज दिला. तीन महिन्यांनी साहेब आले, पानं बघितली, मिल बघितली आणि उत्तमरावांना लेखी कळवलं: धूळ पकडायची यंत्रणा बसवा, नाहीतर मिल बंद ठेवा.

उत्तमरावांनी यंत्रणा बसवली. मिलच्या मागच्या बाजूला लोखंडी पत्र्याच्या दोन उंच पेट्या उभ्या राहिल्या. प्रत्येक पेटीत माणसापेक्षा उंच अशा चोवीस कापडी पिशव्या, तारेच्या पिंजऱ्यांवर चढवून, तोंड वर ठेवून टांगलेल्या. पंखा मिलमधली धुळकट हवा ओढून पेटीत आणतो. हवा पिशवीच्या कापडातून आरपार जाते, धूळ बाहेरच अडकते, आणि स्वच्छ हवा वरच्या धुराड्यातून निघून जाते. पेट्यांवर बराच पैसा गेला होता, म्हणून उत्तमरावांनी पिशव्यांवर हात आखडला. मिळतील त्यातल्या सगळ्यात स्वस्त घेतल्या.

चार महिने ठीक चाललं. मग पिशव्या फाटायला लागल्या.

तो ऐन तुरीचा हंगाम होता. पुरवठादार म्हणाला, नव्या पिशव्या यायला तीन आठवडे लागतील. मिलचे मिस्त्री पुंजाजी वानखडे. साठीला टेकलेले, शाळा सातवीपर्यंत, पण मिलमधला प्रत्येक बेअरिंग आवाजावरून ओळखणारे. त्यांनी एक फाटकी पिशवी झटकली, गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि कुंपणाच्या फाटकातून थेट शालूबाईंच्या पडवीत आले. आले खरे, पण पायरीशीच थांबले. मिलविरुद्ध अर्ज याच घरातून गेला होता.

शालूबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली, शिवण ताणून पाहिली. कापड विणलेलं नव्हतं, घोंगडीसारखं दाबून केलेलं होतं. असं कापड त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. पुंजाजींकडे अशाच कापडाचा एक जुना ताका शिल्लक होता. त्यातून बारा पिशव्या शिवून द्याल का, असं त्यांनी विचारलं.

कडूबा आतून ऐकत होते. पुंजाजी गेल्यावर ते बायकोला म्हणाले, की ज्या मिलने आपल्या मेथीचं वाटोळं केलं तिचं काम आपण काऊन करायचं?

"फाटकी पिशवी टांगून राह्यली त धूळ कोनाच्या मेथीवर येईन?" शालूबाई म्हणाल्या. "मी मिलसाठी नाई शिवून राह्यली."

शालूबाईंनी दोन दिवसांत बारा पिशव्या शिवल्या. नमुन्याला नमुना जुळवला, लांबी बोटभरही चुकू दिली नाही. पुंजाजींनी त्या चढवल्या.

नवव्या दिवशी सकाळी कडूबा मेथी उपटायला गेले आणि वाफ्याच्या टोकाला तसेच उभे राहिले. हिरवा रंग कुठे दिसतच नव्हता. सबंध वाफ्यावर तपकिरी थर बसला होता. आजवर एवढी धूळ कधीच आली नव्हती. शालूबाईंच्या बारापैकी सात पिशव्यांची शिवण उभीच्या उभी उसवली होती आणि पेटीतली धूळ सरळ धुराड्यातून बाहेर पडली होती. ती सगळी मेथी शेवटी म्हशीपुढे गेली. कडूबा दिवसभर बायकोशी बोलले नाहीत. ते रागावले असते तर शालूबाईंना बरं वाटलं असतं.

दुपारी त्या स्वतः मिलमध्ये गेल्या. इतक्या वर्षांत कुंपणाच्या पलीकडे त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. उत्तमरावांना वाटलं, नुकसानभरपाई मागायला आल्या असतील. पण शालूबाई म्हणाल्या, की शिवण माझी उसवली, चूक माझी आहे. पिशव्या मी परत शिवून देईन, मजुरी नको. फक्त ती पेटी आतून कशी चालते ते मला दाखवा. चूक नेमकी कुठे झाली ते कळल्याशिवाय मी दुसऱ्यांदा सुई लावणार नाही.

उत्तमरावांनी पुंजाजींना हाक मारली.

पुंजाजींनी शिडीवरून त्यांना पेटीच्या वर नेलं आणि झाकण उघडलं. पिशवीवर धूळ साचली की कापड चोंदतं, म्हणून दर दीड-दोन मिनिटांनी वरून दाबलेल्या हवेचा झोत पिशवीत सोडतात. त्या धक्क्याने पिशवी क्षणभर फुगते आणि बाहेरची धूळ झडून खाली पडते. पुंजाजींनी एक झोत सोडून दाखवला. धाड असा आवाज झाला आणि पायाखालचा पत्रा हादरला. शालूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. दिवसातून पाचशेच्या वर धक्के. आणि आपण तिला ताडपत्रीचा सुती दोरा लावला होता.

ताडपत्रीचा दोरा ओढ सहन करतो, हिसके सहन करत नाही. दुसरीही एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली. त्यांनी पिशवी नमुन्याबरहुकूम शिवली होती, पण नमुना होता वापरून सैल झालेला. म्हणून नवी पिशवी पिंजऱ्यावर जरा ढिली बसत होती आणि प्रत्येक झोताबरोबर तारेवर आपटत होती. त्यांनी पिंजऱ्याचा घेर टेपने मोजला, कागदावर लिहून घेतला. घरी येऊन त्यांनी खामगावहून पॉलिएस्टरचा पक्का दोरा मागवला आणि एका शिवणीऐवजी शेजारी शेजारी तीन शिवणी घातल्या. दुसऱ्या खेपेच्या पिशव्या हंगाम संपेपर्यंत टिकल्या.

खरी गोष्ट पुढे घडली. पावसाळ्यात मिल थंड असते. तेव्हा उत्तमरावांनी दोन्ही पेट्यांच्या अठ्ठेचाळीस पिशव्या एकदम बदलायचं ठरवलं. त्यांच्यापुढे दोन माणसं येऊन गेली होती. एक व्यापारी पातळ कापड देत होता. पिशवीमागे सव्वादोनशे रुपये पडत होते. दुसरा मोठ्या शहरातल्या कंपनीचा माणूस. त्याच्याजवळच्या कापडाला एका अंगाने गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा होता. या कापडातून धुळीचा कणही जाणार नाही, असं तो छातीठोक सांगत होता. त्याची पिशवी साडेअकराशेला होती. या दोघांच्या मधलं, साधं पण जाड दाबाचं, पापुद्रा नसलेलं कापडही बाजारात होतं. ते शिवण धरून पावणेपाचशेच्या आसपास. उत्तमरावांचा कल सव्वादोनशेकडे होता. त्यांनी शालूबाईंना बोलावून सांगितलं, की कापड मी आणतो, शिलाई तुम्ही करा, आणि दर चार महिन्यांनी नवा संच शिवा.

शालूबाईंसाठी हे चांगलं होतं. वर्षातून तीनदा अठ्ठेचाळीस पिशव्या म्हणजे घरबसल्या कायमचं काम. त्या घरी आल्या आणि दोन दिवस त्यांनी होकार कळवला नाही. तिसऱ्या दिवशी त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, की एकदम अठ्ठेचाळीस शिवण्याआधी तिन्ही कापडांच्या दोन-दोन पिशव्या शिवू, एकेक दोन्ही पेट्यांत टांगू, आणि हरभऱ्याचा-तुरीचा जुना माल तुम्ही महिनाभर काढणारच आहात, तेवढ्यात काय होतं ते पाहू. उत्तमरावांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण सहा पिशव्यांनी काही बिघडत नव्हतं. कंपनीच्या माणसाने दोन पिशव्यांचं कापड नमुना म्हणून फुकट दिलं.

पारख कशी करायची, हे शालूबाई आणि पुंजाजी यांनी मिळून ठरवलं. पिशवीची स्वच्छ बाजू वरच्या तोंडाशी असते. तिथे पांढऱ्या मलमलचा तुकडा ताणून बांधायचा, झोत बंद ठेवून दहा मिनिटं पंखा चालवायचा आणि तुकडा काढून बघायचा. जितका डाग गडद, तितकी धूळ कापडातून निसटली. ही झाली पिशवीच्या कामाची परीक्षा. दुसरी तिच्या आयुष्याची. पिशवी टांगण्याआधी कडूबांच्या भाजीच्या काट्यावर तिचं वजन करायचं, आणि महिन्याने उतरवून, काठीने झटकून परत करायचं. जेवढं वजन वाढलं, तेवढी धूळ कापडाच्या पोटात शिरून बसली, ती आता निघणार नाही. अशी पिशवी लवकर चोंदते. मग मिलमधली धूळ नीट ओढली जात नाही, आणि झोताचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत वीज खातो.

सहा पिशव्यांच्या गळ्यावर शालूबाईंनी लाल दोऱ्याने टाके घातले. एक टाका पातळ कापडाला, दोन मधल्याला, तीन महागाला. दर सोमवारी त्या मिलमध्ये जायच्या, पुंजाजी झाकण उघडायचे आणि मलमलचे सहा तुकडे निघायचे. शालूबाईंनी ते तारीख घालून वहीत चिकटवले. संजीवनी दुपारच्या सुटीत बघायला यायची.

पातळ कापडाचा निकाल पहिल्याच सोमवारी लागला. मलमल तांबूस होऊन आली. महागाची मलमल शेवटपर्यंत पांढरी राहिली, दोन्ही पेट्यांत. गंमत झाली ती मधल्या कापडाची. पहिल्या पेटीत त्याची मलमल महागाइतकीच पांढरी आणि महिन्याने वजनही जेमतेम वाढलेलं. दुसऱ्या पेटीतली त्याच कापडाची पिशवी मात्र काट्यावर जवळजवळ दीडपट भरली. कितीही झटकली तरी धूळ सुटेना. एकाच ताक्यातलं कापड, एकाच हाताची शिवण, आणि दोन पेट्यांत दोन तऱ्हा. पुंजाजींनी पंखे तपासले, झोत तपासले. सगळं सारखंच होतं.

शालूबाई ती जड पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. कापडावरून हात फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली, मग नाकाशी नेली.

"मिस्त्री भाऊ, हे तेलकट हाये," त्या म्हणाल्या. "ह्या पेटीत तेल कुठून येते?"

पुंजाजींनी कपाळाला हात लावला. तुरीची साल सुटावी म्हणून तिला आधी तेल चोळतात, मग ती रोलरवर जाते. पहिल्या पेटीला माल साफ करायच्या चाळण्यांची धूळ येत होती, ती कोरडी. दुसऱ्या पेटीला रोलरची धूळ येत होती, ती तेलात भिजलेली. हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. पिशवीशी त्याचा संबंध जोडायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, पेट्या विकणाऱ्याच्याही नाही. साध्या कापडाच्या तंतूंत ही तेलकट धूळ घट्ट बसत होती. गुळगुळीत पापुद्र्यावरून ती घसरून पडत होती.

मग पुंजाजींनाही एक सुचलं. मिलच्या मागे गवतात जुन्या यंत्राचा पत्र्याचा शंकू पडलेला होता. वरून हवा गरगर फिरत आत शिरते, जड कोंडा कडेला आपटून खाली पडतो आणि फक्त बारीक धूळ पुढे जाते. तो शंकू डागडुजी करून पहिल्या पेटीच्या आधी बसवला तर निम्मी धूळ पेटीपर्यंत पोचणारच नाही, आणि पिशव्या जास्त टिकतील. खर्च फक्त वेल्डिंगचा.

दोघं उत्तमरावांच्या खोलीत गेले. शालूबाईंनी मलमलची वही टेबलावर उघडून ठेवली आणि सांगितलं: पहिल्या पेटीला मधलं कापड, आधी शंकू. दुसऱ्या पेटीला महाग कापड. पातळ कापड कुठेच नको.

उत्तमरावांनी वही चाळली. महाग एवढंच चांगलं असेल तर दोन्हीकडे का नको, असं त्यांनी विचारलं. तो प्रश्न ते कंपनीच्या माणसाच्या तोंडून ऐकून बसले होते. शालूबाई म्हणाल्या, की कोरड्या धुळीला ते काही जास्त करत नाही, मलमल सारखीच आहे. तिथे जादा पैसे घातले तर ते नुसते टांगून राहतील. मग उत्तमरावांनी पातळ कापडाचा विषय काढला. ते अजूनही तिथेच अडकले होते. शालूबाईंनी त्यांना पिशवीची किंमत महिन्यांत वाटून दाखवली. सव्वादोनशेची पिशवी चार महिन्यांत जाते, म्हणजे महिन्याला छप्पन रुपये. पावणेपाचशेची कोरड्या पेटीत दीड वर्ष धरली तरी महिन्याला सत्तावीसच्या आत. तेलकट पेटीतली महाग पिशवी दोन वर्षं चालली तर महिन्याला अठ्ठेचाळीस, तीही पातळपेक्षा कमीच. शिवाय दर चार महिन्यांनी मिल दोन दिवस बंद ठेवावी लागते, ते वेगळं.

उत्तमरावांनी वही मिटली.

"वहिनी, पातळ घेतलं असतं त तुमाले वर्षातून तीनदा काम होतं," ते म्हणाले. "हे घेतलं त दीड-दोन वर्षं मी तुमच्याकडे येत नाई. तुमचंच नुकसान हाये ना?"

"हाये," शालूबाई म्हणाल्या. "पन माझा वाफा तुमच्या कुंपणाले लागून हाये, भाऊ. अन् संजी तुमच्या मिलमधी बसते."

उत्तमरावांनी ऑर्डर दिली. महाग कापडाच्या पिशव्यांना सुईच्या छिद्रांतून धूळ निसटू नये म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी लागते, हे शालूबाई कंपनीच्या माणसाला फोनवर विचारून विचारून शिकल्या. त्या माणसाची अर्धी विक्री त्यांनी घालवली होती, तरी त्याने नीट सांगितलं. पुढे तोच त्यांना कापड पाठवू लागला.

तुरीचा नवा हंगाम सुरू झाला. पहिले आठ दिवस कडूबा रोज सकाळी वांग्याच्या पानावर बोट फिरवून बघत. नवव्या दिवशी त्यांनी बघणं सोडलं. धूळ अजिबात गेली असं नाही. रस्त्याची धूळ होतीच, मिलच्या आवारात पोती झटकतात तीही होती. पण मेथी आता धुवावी लागत नव्हती. मंडळाचे साहेब परत आले, धुराड्यात नळी घालून त्यांनी मोजमाप केलं आणि आकडा मर्यादेच्या आत आला. उत्तमरावांनी तो कागद काचेच्या चौकटीत घालून खोलीत लावला.

मध्ये एकदा कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. झोत बंद म्हणजे पिशव्या चोंदणार. पुंजाजींनी कुणाला न विचारता रोलर बंद केले. भरलेला ट्रक दारात उभा होता, उत्तमराव चिडले, पुंजाजींना चार शब्द बोलले. पुंजाजी म्हणाले, दोन तास थांबलो तर दोन तास जातील, चालवलं तर चोवीस पिशव्या जातील. संध्याकाळी उत्तमरावांनी स्वतःच फळ्यावर लिहून टाकलं: कॉम्प्रेसर बंद, तर रोलर बंद.

संजीवनीचा खोकला कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. डॉक्टरांनी धुळीचं काम सोडायला सांगितलं. त्याच सुमारास शालूबाईंनी खामगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून एकदम तीन शिवणी घालणारी जुनी मशीन घेतली होती, कारण उत्तमरावांचं ऐकून नांदुऱ्याच्या एका डाळ मिलवाल्याने आणि मलकापूरच्या एका कापूस पिंजणाऱ्या जिनिंगवाल्याने त्यांना बोलावलं होतं. त्यांनी संजीवनीला विचारलं. संजीवनी म्हणाली, मला ब्लाउजसुद्धा येत नाही. शालूबाई म्हणाल्या, बरं झालं, सरळ रेघच शिवायची आहे. आता पडवीत दोन मशिनी चालतात आणि दोघी बायका दुपारचा डबा तिथेच खातात.

सगळेच मालक उत्तमरावांसारखे ऐकतात असं नाही. काही जण आल्या आल्या सगळ्यात स्वस्तात काय पडेल तेवढंच विचारतात. शालूबाई एकदा समजावून सांगतात. नाहीच पटलं तर पातळ कापडाचीही पिशवी शिवून देतात, पण तिच्या गळ्यावर पुसली न जाणाऱ्या शाईने महिना घालतात, या महिन्याच्या पुढे वापरू नका म्हणून. दोन जण तो महिना उलटल्यावर जाड कापड घ्यायला परत आले. एकजण आलाच नाही, दुसरीकडे गेला. मलकापूरच्या जिनिंगवाल्याचं काम त्यांना आधी जमलंच नाही. कापसाचा उडणारा बारीक तंतू तुरीच्या धुळीसारखा वागत नव्हता, पिशवीवर गादी धरून बसत होता. त्यांची पहिली निवड तिथे साफ चुकली. त्यांनी मलमलची नवी वही सुरू केली आणि तीन महिने त्याच्यात घालवले. आता कुणाचाही फोन आला की त्या आधी कापडाचं बोलत नाहीत. तुमच्या धुळीची एक पुडी बांधून पाठवा, म्हणतात.

मागच्या फाल्गुनात सोनाळ्याहून एक गृहस्थ आले. माणिकराव नावाचे. त्यांची हळद दळायची लहान गिरणी होती. घरामागेच, एका पेटीची, आठ पिशव्यांची. पिशव्या नव्या घातल्या तरी अंगणभर पिवळं होतं, शेजारच्या घराच्या भिंतीसुद्धा पिवळ्या झाल्या आहेत, बोलाचाली झाली आहे, तेव्हा कितीही महाग पडो, सगळ्यात भारी पिशव्या द्या, असं ते म्हणत होते. पैसे रोख आणले होते. शालूबाईंनी पैसे घेतले नाहीत. आधी बघते, म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी संजीवनीला घेऊन एस.टी.ने सोनाळ्याला गेल्या.

गिरणी चालू करायला लावून त्यांनी आठही पिशव्यांच्या तोंडाला मलमल बांधली. दहा मिनिटांनी आठही तुकडे पांढरे निघाले. माणिकरावांचा विश्वास बसेना. शालूबाईंनी जात्यापासून पेटीपर्यंत जाणाऱ्या नळीवर हात फिरवत फिरवत चक्कर मारली. भिंतीमागे, जिथे नळी वळत होती, तिथला सांधा सुटला होता. बोटभर फट होती आणि तिच्याखालची जमीन पिवळीधमक झाली होती. गिरणी सुरू-बंद करताना त्या फटीतून भपकारा बाहेर पडत होता, आणि एरवी तिथून बाहेरची हवा आत शिरत असल्यामुळे जात्याजवळची ओढही कमी झाली होती.

"पिशव्या चांगल्या हायेत तुमच्या," त्या म्हणाल्या. "एवढा सांधा आवळून घ्या."

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून ताडपत्रीची पट्टी काढली, सांध्यावर दोन वेढे दिले, संजीवनीने वरून तार पिळून बांधली. तात्पुरतं काम, लोहाराकडून पक्कं करून घ्या म्हणून बजावलं. माणिकराव मजुरी विचारू लागले. शालूबाईंनी दोघींचं एस.टी.चं भाडं तेवढं घेतलं. माणिकरावांच्या बायकोने दोघींना जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना पावपाव किलो हळद बांधून दिली.

परतीच्या एस.टी.त संजीवनी म्हणाली, की आठ पिशव्यांचं काम होतं, आपण पट्टी लावून आलो. शालूबाई खिडकीतून सातपुड्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, की त्याला आज पिशव्या दिल्या असत्या तरी अंगण पिवळंच राहिलं असतं, आणि त्याने आपल्याला कधी परत बोलावलं नसतं. संजीवनीने मान हलवली आणि हळदीची पुडी उघडून वास घेतला. चांगली होती, ताजी.

पुढच्या महिन्यात माणिकरावांचा फोन आला. शेजाऱ्यांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या आणि सोनाळ्यातल्याच दुसऱ्या एका गिरणीवाल्याला शालूबाईंचा नंबर हवा होता. शालूबाईंनी नंबर द्यायला सांगितलं, आणि धुळीची पुडी पाठवायलाही.